कोठडीच्या दारापर्यंत आणि दाराच्या आत

प्रस्तावना

ओझरच्या माणसाला विमानाच्या आवाजाने दचकायला होत नाही. १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना इथे आला आणि द्राक्षबागांचे हे गाव ‘ओझर मिग’ म्हणून ओळखले जाऊ लागले. मिग-२१ इथे बांधले गेले, मिग-२७ इथे बांधले गेले, पुढे मिग-२१ चे ‘बायसन’ झाले तेही इथल्याच हँगरमध्ये. म्हणून २७ मे १९९९ ला कारगिलच्या लढाईत फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता मिग-२७ मधून बाहेर पडून पाकिस्तानी सैनिकांच्या हाती लागले आणि २७ फेब्रुवारी २०१९ ला विंग कमांडर अभिनंदन वर्धमान मिग-२१ बायसनमधून उडी घेऊन सीमेपलीकडे सापडले, तेव्हा ती बातमी इथे घरच्या माणसाची म्हणून ऐकली गेली. शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर बोलणे एकच: त्याला नीट ठेवले असेल ना? मारत तर नसतील? औषधपाणी होत असेल का?

त्याला पकडणे कायदेशीर होते का, असे मात्र कोणी विचारले नाही, आणि ते बरोबरच होते. युद्धात हाती लागलेल्या वैमानिकाला ताब्यात ठेवायचा अधिकार शत्रूला असतो. प्रश्न असतो तो ताब्यात घेतल्यानंतरचा. अभिनंदन यांचा जखमी अवस्थेतला, डोळ्यांवर पट्टी बांधलेला व्हिडिओ फिरला, तेव्हा भारताने हरकत घेतली ती याच मुद्द्यावर. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचा तेरावा अनुच्छेद सांगतो, की युद्धकैद्याला मारहाणीपासून, अपमानापासून आणि लोकांच्या बघेगिरीपासूनही जपले पाहिजे. ओझरमधल्या कोणी तो अनुच्छेद वाचलेला नव्हता. पण त्यातले तत्त्व प्रत्येकाला आतून ठाऊक होते: माणूस पकडला गेला म्हणून त्याचे माणूसपण पकडणाऱ्याच्या मालकीचे होत नाही.

ओझरपासून तासाभराच्या वाटेवर नाशिकरोडचे मध्यवर्ती कारागृह आहे. राज्यात अशी आणखीही आहेत: येरवडा, ऑर्थर रोड, ठाणे, तळोजा, कोल्हापूर, नागपूर. तिथल्या बराकींत आज रात्री झोपणाऱ्या माणसांबद्दल हाच प्रश्न आपण त्याच कळकळीने विचारतो का? मी निफाड आणि नाशिकच्या कोर्टांत वकिली करतो, आणि अनुभवाने सांगतो, की विचारत नाही. ‘काहीतरी केलेच असेल’ म्हणून आपण मोकळे होतो. शत्रूच्या ताब्यातल्या आपल्या माणसासाठी जो न्याय आपण मागतो, तोच आपल्या ताब्यातल्या माणसाला लागू पडतो. या पुस्तकाचे म्हणणे एवढेच आहे. तो लागू पडतो की नाही, हे तपासायचे काम न्यायालयाचे आहे. ते त्याने कधी केले, कधी टाळले आणि केले तेव्हा त्याचे काय झाले, याचा हा वृत्तान्त.

दोन प्रश्न

कायद्याच्या विद्यार्थ्याला बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे हेबियस कॉर्पसची याचिका पहिल्या वर्षीच शिकवतात. डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा आणि कोणत्या अधिकाराने डांबले ते सांगा, असा तो हुकूम. त्यात विचारलेला प्रश्न ‘का ठेवले’ असा असतो. अटकेचा आदेश कायद्यात बसला, की या प्रश्नाचे उत्तर मिळते आणि फाइल बंद होते.

दुसरा प्रश्न तिथून सुरू होतो. ‘कसे ठेवले’? किती जणांत एक नळ? रात्री कुशीवर वळायला जागा आहे का? आजाऱ्याला डॉक्टर कितव्या दिवशी दिसला? घरून आलेले पत्र कोणाच्या टेबलावर पडून राहिले? बराच काळ कोर्टांची समजूत अशी होती, की हा प्रशासनाचा मामला आहे. तुरुंगाची किल्ली जेलरकडे, तर तुरुंगातल्या दिनक्रमाची जबाबदारीही त्याच्याकडेच. आपल्याकडे तुरुंगांचा गाडा ज्याच्यावर चालत आला तो कायदा १८९४ चा, आणि त्याची सगळी भाषा शिस्त, बंदोबस्त आणि शिक्षा यांची. कोर्ट कोठडीच्या दारापर्यंत येई, वॉरंट तपासी आणि मागे फिरे.

ते दार पहिल्यांदा नीट उघडले गेले त्याचा मान एका मराठी पुस्तकाकडे जातो.

‘अणूच्या अंतरंगात’

कम्युनिस्ट नेते प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांना महाराष्ट्र सरकारने भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध केले होते. चीनच्या आक्रमणानंतर १९६२ मध्ये पुकारलेली आणीबाणी अजून चालूच होती. खटला नाही, आरोपपत्र नाही, सुटकेची तारीख नाही. त्या काळात संझगिरींनी सरकारच्या परवानगीने मराठीत एक पुस्तक लिहिले, ‘अणूच्या अंतरंगात’. विषय अणूच्या पोटातले मूलकण. हस्तलिखित बाहेर पाठवून छापू द्यावे, असा अर्ज त्यांनी केला. २७ मार्च १९६४ च्या पत्राने सरकारने तो नाकारला. लिहायला परवानगी होती, पण लिहिलेले भिंतीबाहेर जाऊ द्यायला नव्हती.

संझगिरी मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्तींनी पुस्तकाचा तपशील स्वतः पाहिला आणि हे निव्वळ शास्त्रीय पुस्तक आहे, यात देशाच्या सुरक्षिततेला धक्का लागेल असे काही नाही, असा निर्वाळा दिला. सरकार अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे केलेला युक्तिवाद आजही अभ्यासण्यासारखा आहे, कारण तो वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटतो. सरकारचे म्हणणे असे: स्थानबद्धांना कोणत्या सवलती द्यायच्या ते १९५१ च्या मुंबई स्थानबद्धता अटी आदेशात लिहिले आहे, हस्तलिखित बाहेर पाठवण्याची सवलत त्यात लिहिलेली नाही, म्हणून ती नाही.

न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी हा युक्तिवाद मुळापासून उलटा केला. आदेशात लिहिलेल्या गोष्टी या सवलती नाहीत, ती बंधने आहेत. जेवढे बंधन लिहिले तेवढेच स्वातंत्र्य गेले, उरलेले सगळे स्थानबद्धाकडेच राहिले. सरकारचे तर्कशास्त्र मान्य करायचे तर आदेशात जेवणाचा उल्लेख राहून गेला तर कैद्याला उपाशी मारायचीही मुभा मिळेल, अशा आशयाचे उदाहरण त्यांनी दिले.

पण खरी अडचण वेगळीच होती. राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद २१ साठी, म्हणजे जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी, कोर्टात जायचा हक्कच तहकूब झालेला असताना ही याचिका ऐकायची कशी? न्यायालयाने आदेशाचे शब्द बारकाईने वाचले. संरक्षण कायदा आणि त्याचे नियम यांखाली ज्याचे स्वातंत्र्य गेले असेल त्यालाच तो आदेश लागू होता. हस्तलिखित अडवणे कोणत्याच नियमात बसत नव्हते, म्हणजे आदेशाची ढालही तिथे चालत नव्हती. सरकारचे अपील फेटाळले गेले.

निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी भारतीय सैन्य लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून गेले होते. युद्ध पेटलेल्या दिवशी, देशाला धोकादायक म्हणून स्थानबद्ध केलेल्या माणसाच्या वहीला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाबाहेरची वाट मोकळी करून दिली. ‘सध्याचे दिवस वेगळे आहेत’ असे सांगून कोठडीतले प्रश्न टाळणाऱ्या प्रत्येकाला ही तारीख दाखवावी. या पुस्तकाचे पहिले प्रकरण म्हणूनच या खटल्याला दिले आहे.

मायेची कोठडी

दहा वर्षांत चित्र पालटले. १९७५ च्या आणीबाणीतल्या २७ जूनच्या राष्ट्रपती आदेशात ‘नियमांखाली’ ही पळवाट ठेवलेली नव्हती. हक्क तहकूब म्हणजे पूर्ण तहकूब. तरीही मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे ऐकून घ्यायची हिंमत दाखवली. २८ एप्रिल १९७६ ला जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बुजवली. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले आणि त्याची किंमत त्यांनी सरन्यायाधीशपद हुकून मोजली.

या निकालातला एक तपशील आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. न्यायमूर्ती बेग यांनी लिहिले, की स्थानबद्धांना चांगली जागा, चांगले अन्न आणि चांगली वागणूक मिळते असे समजते, सरकारची ही काळजी जवळजवळ आईच्या मायेची आहे. ‘समजते’ या शब्दाशी वाचकाने थांबावे. कोणत्याही बराकीत कोणी डोकावले नव्हते. ज्यांनी सांगायचे त्यांना कोर्टात येण्याची बंदी होती आणि ज्यांच्याविरुद्ध सांगायचे त्यांच्याच शब्दावर तुरुंगांची हालहवाल ठरली. तपासणी न करता दिलेले प्रशस्तिपत्र कसे असते, त्याचा हा नमुना कायम जवळ बाळगावा असा आहे. नाशिकच्या माणसाला हे वाक्य आणखी खुपते. १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगातच लिहिली. आईची माया तिथे होती ती कैद्याच्या आठवणीत.

जानेवारी १९७७ मध्ये याच वाटेवरचे पुढचे पाऊल पडले. तस्करीविरोधी कायद्याखाली स्थानबद्ध झालेल्यांना मुंबई उच्च न्यायालयाने कोठडीतल्या अटींबाबत दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. आणीबाणीत ‘का ठेवले’ विचारता येत नाही, तसेच ‘कसे ठेवले’ हेही विचारता येणार नाही, असा त्याचा अर्थ झाला. संझगिरींच्या वहीने उघडलेले दार बंद झाले. दोन महिन्यांत आणीबाणी उठली.

यात एक माणूस मला नेहमी विचारात पाडतो. पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनीच १९७४ मध्ये, आंध्रातल्या नक्षलवादी कैद्यांच्या याचिकेवर, शिक्षा झाल्याने कैदी सगळे मूलभूत हक्क गमावत नाही असे लिहिले होते. दोन वर्षांनी जबलपूर खटल्यात ते बहुमताच्या बाजूला होते. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात जबलपूरचा निकाल मोडीत निघाला, तो मोडणाऱ्या निकालपत्राचे लेखक त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड. तत्त्व ठाऊक असणे आणि वेळ आल्यावर ते वापरणे यांत किती अंतर असते, हे यावरून दिसते. न्यायालयांवर विसंबावे, पण डोळे मिटून विसंबू नये.

पत्रे आणि पाट्या

आणीबाणीच्या चटक्यानंतर न्यायालय तुरुंगांकडे नव्या नजरेने पाहू लागले. १९७८ मध्ये तिहारमधल्या सुनील बत्रांच्या खटल्यात फाशीच्या कैद्याला एकांत कोठडीत टाकण्याला आळा घातला गेला. मग बत्रांनीच कोर्टाला पत्र लिहिले: एका वॉर्डरने पैशासाठी दुसऱ्या कैद्याचा अमानुष छळ केला आहे. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या न्यायपीठाने ते पत्रच याचिका मानले. २० डिसेंबर १९७९ च्या निकालाने हेबियस कॉर्पसचा अर्थ रुंदावला. कोठडी कायदेशीर असली तरी कोठडीतली वागणूक बेकायदा असेल तर तीच याचिका चालेल. तुरुंगात तक्रारपेट्या बसवा, जिल्हा न्यायाधीशांनी येऊन त्या उघडाव्यात, असे आदेश याच निकालातले.

महाराष्ट्राचा वाटाही मोठा आहे. १९७८ च्या होसकोट खटल्यात कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि वेळेवर मिळालीच पाहिजे, वकील परवडत नसेल तर सरकारने दिला पाहिजे, असे ठरले. अपिलाची मुदत आणि निकालाचा कागद यांच्यात तुरुंगाचे टेबल आडवे येऊ नये, हा त्याचा अर्थ.

आणि मग शीला बारसे. या पत्रकार बाईंनी मे १९८२ मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांशी बोलणे केले. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने काय केले ते लक्षात घ्यावे. त्याने सरकारकडून नुसते प्रतिज्ञापत्र मागवले नाही. निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकेला तुरुंगात पाठवले, स्त्रियांशी एकांतात बोलायला सांगितले आणि अहवाल मागवला. १९७६ चे ‘समजते’ आणि १९८३ चे ‘जाऊन पाहा’ यांच्यातला फरक हाच न्यायालयीन तपासणीचा सगळा अर्थ आहे.

१५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालाने स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, त्यांवर महिला पोलीस, अटकेची खबर ताबडतोब विधी साहाय्य समितीला, आणि न्यायाधीशांच्या अचानक भेटी असे आदेश दिले. त्यातला एक आदेश मला सर्वांत जवळचा वाटतो. अटक झालेल्या माणसाचे हक्क सांगणारे पत्रक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापावे, पोलीस कोठडीच्या प्रत्येक खोलीत लावावे आणि माणूस आत येताच त्याला कळेल त्या भाषेत वाचून दाखवावे. कायदा कोठडीच्या आत शिरला तो मराठी बोलत शिरावा, अशी ही व्यवस्था होती.

जिनिव्हा ते पणजी

‘मानवी हक्कांचा कायदा’ आणि ‘मानवतावादी कायदा’ हे दोन शब्द या पुस्तकात वारंवार येतील. पहिला सदासर्वकाळ लागू असतो. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा दहावा अनुच्छेद सांगतो, की स्वातंत्र्य हिरावलेल्या प्रत्येक माणसाला माणुसकीने आणि प्रतिष्ठेने वागवावे. भारताने हा करार १९७९ मध्ये स्वीकारला. दुसरा कायदा युद्धाच्या काळातला. त्याचा गाभा १९४९ चे चार जिनिव्हा करार. चारही करारांत सामायिक असलेला तिसरा अनुच्छेद देशांतर्गत सशस्त्र संघर्षालाही लागू होतो.

या कायद्याच्या खुणा आपल्या मुलखात आहेत. पहिल्या महायुद्धात अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, जर्मन नागरिकांची छावणी होती. १९१७ मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचे प्रतिनिधी ती तपासून गेले. दुसऱ्या महायुद्धात पकडलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिख हारर आधी नगरला आणि मग नाशिकशेजारच्या देवळालीला होता. पुढे डेहराडूनहून पळून तो तिबेटात पोचला. शत्रुराष्ट्राच्या माणसाकडे तटस्थ पाहुण्याने येऊन विचारपूस करावी, ही कल्पना आपल्या उंबऱ्यावर शंभर वर्षांपूर्वी येऊन गेली आहे. तिसऱ्या जिनिव्हा कराराने तिला हक्काचे रूप दिले. युद्धकैद्याशी साक्षीदाराविना बोलायचा अधिकार रेड क्रॉसला आहे. नचिकेता परत आले ते रेड क्रॉसच्याच हातून.

पण हा कायदा आपल्या कोर्टात वापरता येतो का? याचे उत्तर गोव्याच्या एका खटल्यात आहे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर फादर मोंतेइरो या गोमंतकीय धर्मगुरूंनी पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवले. राहण्याचा परवाना संपल्यावर त्यांनी तो नव्याने घेतला नाही आणि परकीय नागरिक कायद्याखाली त्यांना तीस दिवसांची साधी कैद आणि पन्नास रुपये दंड झाला. त्यांचा युक्तिवाद असा, की गोवा हा व्यापलेला प्रदेश आहे आणि चौथा जिनिव्हा करार मला संरक्षण देतो. २६ मार्च १९६९ ला सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी निकाल दिला: गोवा भारतात विलीन झाला तिथे त्याचे ‘व्यापलेला प्रदेश’ असणे संपले, आणि १९६० चा जिनिव्हा करार कायदा गंभीर उल्लंघनाला शिक्षा ठरवतो, पण व्यक्तीला त्याच्या आधारे कोर्टात दाद मागायचा स्वतंत्र हक्क देत नाही.

निकाल आपल्याला रुचो न रुचो, त्यातली मर्यादा खरी आहे. म्हणून भारतात कोठडीची तपासणी होते ती मुख्यतः अनुच्छेद २१ च्या बळावर, आणि आंतरराष्ट्रीय नियम त्या अनुच्छेदाचा अर्थ लावायला मदतीला येतात. १९८१ च्या फ्रान्सिस कोराली मुलीन खटल्यात जगण्याचा हक्क म्हणजे प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क, तोही स्थानबद्धाला, असे ठरले ते याच रीतीने. कैद्यांबाबतचे संयुक्त राष्ट्रांचे किमान नियम १९५५ पासूनचे. डिसेंबर २०१५ मध्ये ते सुधारले आणि सत्तावीस वर्षे तुरुंगात काढलेल्या नेल्सन मंडेलांचे नाव त्यांना दिले गेले. पंधरा दिवसांपुढची एकांत कोठडी त्यांत निषिद्ध आहे. छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मान्यता अजूनही दिलेली नाही. ही मान्यता द्यावी, असे हे पुस्तक स्पष्टपणे म्हणते.

जगात इतरत्र न्यायालये आकड्यांपर्यंत उतरली आहेत. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१३ मध्ये इटलीला दोषी धरले, कारण कैद्याच्या वाट्याला जेमतेम तीन चौरस मीटर जागा येत होती. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाला तुरुंगांची गर्दी क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर आणायला लावली. आपल्याकडे २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. भरणा क्षमतेच्या १३१.४ टक्के, आणि त्यांतले ७५.८ टक्के न्यायबंदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे कच्चे कैदी.

चष्मा, नळी आणि झाडू

अलीकडची प्रकरणे वाचताना वाचकाला वाटेल, की इतक्या बारीक गोष्टींसाठी उच्च न्यायालय? २०२० च्या नोव्हेंबरात तळोजा कारागृहात न्यायबंदी असलेल्या गौतम नवलखा यांचा चष्मा गेला. घरच्यांनी पाठवलेला नवा चष्मा तुरुंगाने परत पाठवला. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायपीठाला सांगावे लागले, की माणुसकी सर्वांत आधी, आणि तुरुंग अधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्यायची वेळ आली आहे. त्याच तुरुंगात ८३ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी होते. पार्किन्सनने हात थरथरत, पेला धरता येत नसे. पाणी प्यायला नळी आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला आणि त्यात आठवडे गेले. ५ जुलै २०२१ ला, जामिनाचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे असतानाच, ते रुग्णालयात वारले. त्याच वर्षी फेब्रुवारीत कवी वरवरा राव यांना याच न्यायालयाने वैद्यकीय कारणासाठी जामीन दिला होता, तळोजातल्या रुग्णसेवेची स्थिती लक्षात घेऊन.

या माणसांवरचे आरोप खरे की खोटे, हा या पुस्तकाचा विषय नाही. आरोप कितीही गंभीर असोत, तहान सगळ्यांना सारखीच लागते. चष्म्याचा प्रश्न बारीक वाटतो तो चष्मा नाकावर असतो तोवरच.

आणि झाडू. कोणत्या कैद्याने स्वयंपाक करायचा आणि कोणी संडास साफ करायचे, हे अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्या जातीवर ठरवत होत्या. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी ते शोधून मांडले आणि याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि येवल्याची घोषणा ज्या जिल्ह्यात झाली, तिथल्या वाचकाला या निकालाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ कोठडीत पोचायला चौऱ्याहत्तर वर्षे लागली.

दोन आक्षेप

हा विषय काढला, की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला: ‘ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे काय?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाऊ नये. पीडिताला न्याय मिळतो तो तपासातून, खटल्यातून आणि शिक्षेतून. शिक्षा म्हणजे स्वातंत्र्य जाणे, ते कोर्टाने मोजून दिलेले असते. बराकीतली उपासमार, मार, उपचार न होणे हे कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नसते. ते कोणी दिले, किती दिले, याचा हिशेब कुठेच लागत नाही. आणि चारांपैकी तीन जणांना तर अजून शिक्षाच झालेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक जाणकार: ‘न्यायाधीशांना तुरुंग चालवता येत नाही.’ बरोबर आहे. गर्दी, अपुरा कर्मचारीवर्ग, टोळ्यांची भांडणे यांना रोज तोंड देणारे तुरुंगाधिकारी आणि शिपाई यांची कुचंबणा मी जवळून पाहिली आहे, आणि या पुस्तकात त्यांच्या बाजूलाही जागा आहे. पण कोर्टाने तुरुंग चालवावा असे कोणी म्हणतच नाही. चालवणाऱ्याने हिशेब द्यावा आणि तो जाऊन पडताळला जावा, एवढीच मागणी आहे.

खरी दुखरी जागा पुढे आहे. निकाल लागतो, टाळ्या पडतात आणि बराकीतला नळ तसाच राहतो. जिल्हा न्यायाधीशांच्या भेटी, कारागृहाची अभ्यागत मंडळे, न्यायबंदींच्या पुनरावलोकन समित्या, विधी सेवा प्राधिकरणाचे तुरुंगातले कक्ष, असे बरेच काही कागदावर आहे. ते चालते तिथे फरक पडतो आणि चालत नाही तिथे कैद्याची आई मुलाखतीच्या दिवशी पहाटेच्या एसटीने येऊन गेटापाशी बसते. तिच्या पिशवीत गोळ्यांचे पाकीट आणि डॉक्टरांची चिठ्ठी असते. तिला एवढेच विचारायचे असते, की या गोळ्या त्याच्यापर्यंत पोचतील का. हेबियस कॉर्पस हा शब्द तिने ऐकलेला नसतो. तरी ती जे विचारते तो नेमका या पुस्तकातला दुसरा प्रश्न असतो.

वाचकाला

हे पुस्तक कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तसेच गेटापाशी बसलेल्या त्या आईसाठीही आहे. म्हणून निकालांची भाषा शक्य तितकी सोपी केली आहे, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी अर्ज कोणाकडे, कोणत्या शब्दांत करायचा ते दिले आहे. क्रमाने वाचायची सक्ती नाही. घाई असेल त्याने शीला बारसे यांच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, सवड असेल त्याने संझगिरींच्या वहीपासून.

वाचून झाल्यावर एक काम मात्र करावे. आपल्या गावच्या पोलीस ठाण्यात कधी कामाने जाणे होईल, तेव्हा अटक झालेल्या माणसाचे हक्क सांगणारे मराठी पत्रक कोठडीत लावले आहे का, हे विचारून घ्यावे. लावले असेल तर त्या ठाण्याला धन्यवाद द्यावेत. नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला एक साधे पत्र लिहावे आणि १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालाचा हवाला द्यावा. या विषयातले बरेचसे मोठे निकाल एका पत्रापासूनच सुरू झाले आहेत.

ओझर (जि. नाशिक)